दोन्ही दीर्घ

मंगळवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. वाकडच्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मोबाइल वाजतो. स्क्रीनवर नाव येतं, ‘बाबा’.

आता खरं सांगा, अशा वेळी तुमचं काय होतं? माझं तर पोटात खड्डा, तोंड कोरडं आणि डोक्यात एका सेकंदात पूर्ण सिनेमा. बाबा बाथरूममध्ये पडले. बाबांना अॅटॅक आला. फोन बाबांचा आहे, पण बोलणार दुसरंच कुणीतरी. दुसरी रिंग वाजेपर्यंत मी रजेचा मेल मनातल्या मनात लिहूनही टाकलेला असतो.

फोन उचलते.

‘‘माय, ओटीपी आला का?’’

हे आमचे बाबा. मुक्काम पोस्ट मानोरा, जिल्हा वाशिम. रिटायर्ड मराठीचे शिक्षक. सकाळी सहाला वीजबिल भरणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर मानोऱ्याला या. बँकेत नंबर माझा दिलेला. म्हणून ओटीपी पुण्यात येतो आणि बिल तिकडे भरलं जातं. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँक दर मेसेजमध्ये बजावते. मी तो दर वेळी सांगते. चार-चारदा सांगते, कारण बाबा प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणून बघतात.

‘माय’ म्हणजे मी. आमच्या वऱ्हाडात बाप लेकीला ‘माय’ म्हणतो. मी बालवाडीत होते तेव्हापासून त्यांची माय आहे. हल्ली मात्र ते संबोधन जरा जास्तच खरं वाटायला लागलंय. बीपीची गोळी घेतली का, चष्मा बदलला का, पंख्याखाली स्टुलावर चढू नका म्हटलं होतं ना... मी अगदी आईसारखी ओरडते. आणि फोन ठेवला की लहान मुलीसारखी घाबरते.

तुमच्या मोबाइलमध्येही असा एक नंबर असेल. हिंजवडीच्या आमच्या फ्लोअरवर तर निम्म्या लोकांकडे आहे. कुणाचा साताऱ्याचा, कुणाचा परभणीचा, कुणाचा सावंतवाडीचा. अवेळी वाजला की मीटिंग सोडून माणूस उठतो, कॉरिडॉरमध्ये जातो आणि दोन मिनिटांनी हसत परत येतो. ‘‘काही नाही रे, आंब्याची पेटी पाठवलीय म्हणून सांगत होते.’’ त्या हसण्यात काय असतं, ते ज्याचं त्याला माहीत.

तर सांगायचा मुद्दा हा, की ही भीती मी एकदा कवितेत लिहिली. आणि नंतर बाबांनी ती तपासली. त्याचीच ही गोष्ट.

२०२४ च्या ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून आमच्या एचआरलाही मराठीचं सॉलिड प्रेम आलंय. २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम ठरला. कँटीनमध्ये पुरणपोळी, डेस्कवर तोरण आणि दुपारी चार वाजता ‘आई-बाबांवरची कविता’ असा इव्हेंट. मी मास्तरांची मुलगी आहे हे कुणीतरी फोडलं. झालं! ‘‘तू वाचायचीस.’’

म्हटलं, सोपं आहे. मराठीत आईवरच्या कवितांना काय तोटा? शाळेत पाठ केलेल्या आठवल्या, पुन्हा काढून वाचल्या. आणि वाचताना एक गोष्ट लक्षात आली, जी शाळेत कधी आली नव्हती. कवी यशवंतांची ‘आई’ घ्या. त्यातलं बोलणारं लेकरू आईविना आहे. माधव ज्यूलियनांची आईवरची कविता घ्या. तीही गेलेल्या आईलाच उद्देशून आहे. गद्यात यायचं तर साने गुरुजी. त्यांची आई १९१७ साली गेली. ‘श्यामची आई’ त्यांनी लिहिली १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, काही दिवसांत. पुस्तक आलं १९३५ ला. मधली सोळा वर्षं ती माउली त्यांच्या आत कुठे बसली असेल, कोण जाणे.

म्हणजे आपल्याकडची मोठमोठी माणसं आईबापांवर लिहितात ती बहुतेक ते गेल्यावर. आई स्वयंपाकघरात भांडी आदळतेय, बाप ओट्यावर पेपर वाचतोय आणि लेकरू आत बसून त्यांच्यावर कविता लिहितंय, असं सहसा होत नाही. का होत नाही? मला वाटतं, लिहायला बसलं की कबूल करावं लागतं. हे माणूस एक दिवस नसणार आहे, हे वाक्य मनात म्हटल्याशिवाय अशी कविता सुरूच होत नाही. आणि ते म्हणायचं कुणी?

एका साहेबानं म्हटलं होतं. वेल्सचा डिलन थॉमस. त्याचे वडीलही मास्तर, स्वॉन्झीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. म्हातारपणी आजारी पडले, नजर गेली. एकेकाळचा कडक माणूस मऊ पडला. ते मुलाला बघवेना. त्यानं वडिलांवर एकोणीस ओळींची कविता लिहिली. आज जगभर ती पाठ आहे, सिनेमात येते, कॉलेजात शिकवतात. पण ती पाठवताना त्यानं पत्रात काय लिहिलं माहितीय? ही कविता ज्या एका माणसाला दाखवता येणार नाही, तो म्हणजे माझे वडील, कारण आपण मरतोय हे त्यांना माहीत नाही, अशा अर्थाचं. १९५२ च्या डिसेंबरात वडील गेले. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात तोही गेला. वय अवघं ३९.

हे वाचलं आणि मला धीर आला. म्हटलं, दाखवायची नसते तर! मग काय, लिहू बिनधास्त.

मोबाइलवरच लिहिली. रात्री दीड वाजता, एका बैठकीत. ‘पिकल्या पानासारखे माझे बाबा’ अशी सुरुवात. मग सांजवेळचं ऊन. थरथरते हात. रिकामं घर. आणि शेवटी मी रस्त्यात आहे, गाडी धावतेय, गाव येत नाहीये, मला उशीर होतोय, अशी हुरहुर. लिहिताना मी रडले. ऑफिसात वाचताना आवाज दोनदा फुटला. पुढच्या रांगेतला टेस्टिंगचा एक पोरगा सरळ उठून बाहेर गेला, घरी फोन लावायला. टाळ्या पडल्या. बॉसनं मिठी मारली. पुरणपोळीचा एक्स्ट्रा बॉक्स मिळाला.

संध्याकाळी बसमध्ये मात्र मला विचित्र वाटत होतं. एखाद्याच्या खिशातून न विचारता काहीतरी काढावं, तसं.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. कुणीतरी कविता व्हॉट्सअॅपवर टाकली. हिंजवडीहून औंध, औंधहून नागपूर, नागपूरहून माझ्या चुलतभावाच्या शाळेचा ग्रुप. ३६ तासांत ती मानोऱ्यात पोहोचली. एसटीसुद्धा एवढी वेळेवर जात नाही.

शनिवारी सकाळी सहा दहाला फोन.

‘‘तुयी कविता आली.’’

मी गप्प. डिलन थॉमसच्या काळात व्हॉट्सअॅप नव्हतं, हे मी विसरलेच होते.

‘‘मंग? कशी वाटली?’’

‘‘येशील तवा बोलू.’’ फोन बंद.

ज्यांचे वडील शिक्षक आहेत त्यांनाच ‘येशील तवा बोलू’चा अर्थ कळेल. पेपर तपासून झालेत, मार्क वर्गात सांगणार.

मार्चमध्ये एका शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. पूर्वी हा प्रवास म्हणजे हाडं खिळखिळी. आता समृद्धी महामार्गामुळे गाडी सुसाट जाते आणि सकाळी कारंजा लाडला सोडते. तिथून मानोऱ्याला एसटी. आमच्या गावाला रेल्वे नाही. सोयाबीन, तूर, कापूस, आजूबाजूला तांडे, आणि वर्षातून एकदा रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेची तुडुंब गर्दी. एवढीच आमच्या तालुक्याची ओळख. जिल्हाही तसा नवाच. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम वेगळा निघाला. बाबा अजून सांगतात, ‘‘मी झोपलो अकोला जिल्ह्यात अन् उठलो वाशिममंधी. बदली झाली, पन खाट हालली नाही.’’

कारंज्याच्या स्टँडवर उतरले, तर समोर बाबा! पांढरा सदरा, खांद्याला शबनम, हातात माझ्यासाठी चहाचा कागदी कप.

‘‘तुम्ही कायले आले एवढ्या पहाटे?’’ माझी पुण्याची मराठी कारंज्याला आपोआप उतरते.

‘‘फुकट हाय ना!’’

तेव्हा मला उलगडा झाला. गेल्या नोव्हेंबरात बाबांना ७५ पूर्ण झाली. मी त्या रात्री वाकडच्या गॅलरीत उभी राहून ‘पंच्याहत्तर... पंच्याहत्तर...’ असं मनात घोकत बसले होते. आणि बाबा? ते दोन वर्षं त्या तारखेची वाट बघत होते. २०२२ च्या ऑगस्टपासून महाराष्ट्रात ७५ च्या वरच्यांना एसटी पूर्ण फुकट आहे. पासष्टनंतर अर्धं तिकीट होतंच, पण फुकट ते फुकट. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून गृहस्थ जे सुटलेत, ते दिग्रस, मंगरूळपीर, वाशिम, सगळीकडे. पोहरादेवीला तर तीनदा. तिथलं नवं बंजारा संग्रहालय २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. ते बघायला आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन जातात आणि गाइडला मधेमधे दुरुस्त करतात म्हणे.

गाडीत कंडक्टर आला. बाबांनी आधार कार्ड असं काही काढलं, जसं काही आयएएसचं ओळखपत्र.

‘‘एक माह्यं शून्याचं, अन् एक माह्या मायचं अर्धं.’’ बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, हेही त्यांनी कंडक्टरलाच समजावून सांगितलं.

खिडकीबाहेर पळस फुलला होता. बाबा शेतं दाखवत होते. कुणाचा हरभरा काढून झाला, कुणी गहू ठेवलाय. मी त्यांचे हात बघत होते. थरथरत होते का? मी मुद्दाम बघत होते. नव्हते.

घरी चून-भाकर केली होती. शेजारच्या काकूंनी ठेचा पाठवला होता. जेवणं झाली. मग बाबांनी कपाटातून एक फुलस्केप कागद काढला. माझी कविता त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली होती, डाव्या बाजूला समास सोडून. आणि समासात लाल पेन.

आमचे बाबा घरी वऱ्हाडी बोलतात. पण हातात लाल पेन आलं की एकदम प्रमाण मराठी. समासातले शेरे असे होते :

‘पिकले पान : जुनी उपमा. गुण नाही.’

‘सांजवेळ : विद्यार्थिनीने पहाटेची पाहणी केलेली दिसत नाही.’

‘थरथरते हात : चूक. हात ठीक आहेत. डावा गुडघा दुखतो. निरीक्षण कमी.’

‘रिकामे घर : कोणाचे?’

आणि शेवटच्या कडव्यात ‘भिती’ या शब्दाभोवती दोन गोल. शेजारी : ‘भीती. दोन्ही दीर्घ. ही चूक सातवीत सांगितली होती.’

खाली मार्क. दहापैकी चार.

मी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. चार मार्कांचं वाईट वाटलं, हेही खरंच. ऑफिसनं उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या हो!

‘‘घर रिकामं नाही म्हणता, मग कोण आहे इथे?’’ मी जरा भांडणाच्याच सुरात विचारलं.

उत्तर पाच वाजता आलं. पाच उत्तरं आली. तांड्यावरची पाच पोरं, पाठीला दप्तरं, शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करायला. बाबा आयुष्यभर अशाच मुलांना मराठी शिकवत आले. त्यांच्या घरी गोरमाटी बोलतात, शाळेतलं मराठी त्यांना दुसऱ्यांदा शिकावं लागतं. दीड तास ओट्यावर नुसता कालवा. मला कुणी विचारेना. मी चहा करून दिला, तर त्यातली एक चिमुरडी म्हणाली, ‘‘गुरुजी बिनसाखरेचा घेतात. तुमाले माईत नाही?’’

नव्हतं माहीत.

रात्री वीज गेली म्हणून ओट्यावर बसलो होतो. अंधारात बोलणं सोपं जातं.

‘‘माय, एक इचारू? थे कविता माह्यावर नाही ना?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘थे रस्ता, थे गाडी, गाव येत नाही, उशीर होऊन राह्यला... थे तू तुह्या आईवर लिहिलं. नाव माह्यं टाकलं.’’

मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

२०१८ च्या दिवाळीआधी रात्री अकराला काकांचा फोन आला होता. आई जरा सीरियस आहे, निघ. मी टॅक्सी केली. तेव्हा समृद्धी नव्हता. अहमदनगर, औरंगाबाद, जालना (तेव्हाची नावं हीच), प्रत्येक गावाच्या पाटीवर मी घड्याळ बघत होते. उजाडता उजाडता मेहकरच्या अलीकडे पुन्हा फोन वाजला. काका एवढंच म्हणाले, ‘‘हळू या आता.’’

तीन शब्द. त्यानंतर ड्रायव्हरला मी काही सांगितलं नाही. त्यानंच गाडी हळू केली.

त्या दिवसापासून माझ्यासाठी अवेळीचा प्रत्येक फोन मेहकरच्या अलीकडेच वाजतो. आईसाठी वाटायची राहून गेलेली भीती मी सहा वर्षं बाबांवर खर्च करत होते. बाबा समोर बसून चून-भाकर खात होते, आणि मी त्यांच्याकडे बघून आईचं दुःख करत होते. बाबांना अर्थातच ते कळलं. चाळीस वर्षं कॉपी पकडण्यात गेलेला माणूस.

‘‘तुम्हाला नाही वाटत भीती?’’ मी विचारलं.

‘‘वाटते ना. न्हानीत पाय घसरीन अन् कोनाले समजनार नाही, याची वाटते.’’ एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मग त्यांनी व्यवस्था सांगितली. रोज सहाला दार उघडतात आणि दुधाचं भांडं ओट्यावर ठेवतात. सातपर्यंत भांडं दिसलं नाही, तर शेजारच्या काकूंनी कडी वाजवायची. मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे दिलेली. भिंतीवर डॉक्टरांचा नंबर, अँब्युलन्सचा १०८, ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७, सगळं ठळक अक्षरात. ही व्यवस्था गेली तीन वर्षं चालू आहे. आणि मी? मी पुण्यात बसून पिकलं पान लिहीत होते.

‘‘मले का नाही सांगितलं?’’

‘‘तुले सांगून काय, तू तिकडून कडी वाजोशील?’’

थोडा वेळ तसाच गेला. मग ते म्हणाले, ‘‘अन् भीती का एकट्या लेकरायलेच असते का वं?’’

आणि त्यांनी एका सकाळची गोष्ट काढली. २०२३ ची आषाढी. २९ जून, गुरुवार. मी त्या सुट्टीला घरी आले होते आणि त्याच रात्री कारंज्याहून ट्रॅव्हल्सनं परत निघाले. शुक्रवारी सुखरूप पोहोचले, बोलणंही झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, १ जुलै. सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. बाबांनी सकाळी टीव्ही लावला, तर तोच रस्ता, तसलीच गाडी. माझा फोन सायलेंटवर. शनिवार होता, मी नऊपर्यंत झोपले होते. उठून बघते तर बाबांचे सात मिस्ड कॉल. मी वैतागून म्हटलं होतं, ‘‘बाबा, मी कालच पोचलेय ना! आपण बोललो की!’’

‘‘माहीत होतं मले,’’ अंधारात बाबा म्हणाले. ‘‘तू काल पोचली, हे माहीत होतं. तरी लावला. तरी लावतच गेलो.’’

पुढे ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

पण मनातल्या मनात मी हिशोब मांडत होते. सकाळी सहा दहाचे फोन नेमके कधीपासून सुरू झाले? आणि आणखी एक गोष्ट. बऱ्याच सकाळी बाबा विचारतात, ‘‘ओटीपी आला का?’’ मी म्हणते, ‘‘नाही हो, काहीच नाही आलं.’’ ते म्हणतात, ‘‘बरं. मंग राहू दे.’’ मला वाटायचं, रेंज नसेल. खोलीत जाऊन मोबाइलमधले बँकेचे मेसेज चाळले. महिन्यात तीन-चार. फोन मात्र रोजचा.

वीजबिल महिन्याला एकदाच येतं, मित्रांनो.

मी त्यांना काही विचारलं नाही. मास्तरांना कॉपी करताना पकडायचं नसतं.

रविवारी निघताना कागद मागितला, तर म्हणाले, ‘‘राहू दे माह्यापाशी. तू दुसरी लिही. मी गेल्यावर काय लिहाचं थे लिहजो, तवा तपासाले कोनी नाही. आता मी हावो, तं पाहून लिही.’’

परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये लिहिली. या वेळी रडू आलं नाही. वेळही फार लागला नाही, कारण उपमा शोधायच्या नव्हत्या. ही अशी :

आमचे बाबा पाचला उठतात.
डावा गुडघा सहाला उठतो.
दार उघडतात, ओट्यावर भांडं ठेवतात.
काकूंना कळतं, गुरुजी उठले.
मग पुण्यात माझा फोन वाजतो.
मला कळतं, बाबा उठले.
त्यांना कळतं, माय उठली.
ओटीपी येतो, किंवा येत नाही.

या वेळी मी ती स्वतःच पाठवली, थेट बाबांना. हिला ऑफिसात टाळ्या पडणार नाहीत, हे मला माहीत आहे. टेस्टिंगचा पोरगाही उठून बाहेर जाणार नाही. हरकत नाही.

पोटातला खड्डा गेला का? छे. फोन वाजला की अजून पडतो, आणि पडत राहणार. पण आता एवढं ठाऊक आहे की त्या तारेच्या दुसऱ्या टोकालाही तसाच एक खड्डा आहे. म्हणून हल्ली मी दुसऱ्या रिंगपर्यंत थांबत नाही. शनिवार-रविवारी पहाटे फोन सायलेंटवर नसतो. आणि बाबांचा चहा बिनसाखरेचा, हे पाठ केलंय.

मंगळवारी सहा दहाला फोन आलाच.

‘‘सहा मार्क.’’

‘‘सहाच? का?’’

‘‘गुडघा उठते साडेसहाले. निरीक्षण कमी.’’ मग जरा थांबून, ‘‘अन् माय... ओटीपी आला का?’’

मी मोबाइल कानापासून बाजूला घेऊन पाहिलं. काहीच आलं नव्हतं.

‘‘थांबा बाबा,’’ मी म्हटलं, ‘‘येईलच एवढ्यात. तोवर बोला.’’